इंजिन हललं नाही म्हणजे डिकोडर जळला असं नाही

मॉडेल रेल्वेवाल्यांना डिकोडर, म्हणजे इंजिनाच्या आत बसून कंट्रोलरचे निरोप ऐकणारं आणि मोटर, दिवे चालवणारं छोटं सर्किट, म्हटलं की पोटात गोळा येतो, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण वस्तू नखाएवढी, आत काय चाललंय ते डोळ्याला दिसत नाही, आणि काल छान पळणारं इंजिन आज रुळावर ठेवल्यावर ढिम्म हललं नाही की डोक्यात पहिलं हेच येतं की डिकोडर जळला. मग माणूस घाईघाईने इंजिन उघडतो, बारीक वायरी ओढतो, एखादी तुटते, आणि जो दोष आधी नव्हता तो आता खरोखर तयार होतो. हे मी इतक्या वेळा बघितलंय की एकदा नीट लिहून काढावंसं वाटलं. "डिकोडर गेलाय" म्हणून माझ्यासमोर आलेल्या इंजिनांपैकी बहुतेकांचा डिकोडर ठणठणीत होता. दोष चाकात होता, प्लगमध्ये होता, नाहीतर डिकोडरच्या मेमरीत चुकून बसलेल्या एखाद्या आकड्यात होता.

आधी हा डिकोडर नेमकं करतो काय ते बघू, ते कळलं की कुठे शोधायचं हे आपोआप सुचायला लागतं.

जुन्या साध्या डीसी पद्धतीत रुळात जेवढे व्होल्ट सोडाल तेवढं इंजिन पळतं, प्लस मायनस उलटं केलं की उलटं पळतं, म्हणजे रुळावरची सगळी इंजिनं एकाच लगामाला बांधलेली. डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल पद्धतीत तसं नाही. इथे रुळात कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओ (१:८७) मापाच्या मॉडेलला साधारण १४ ते १६ व्होल्ट, एन या त्याहून लहान मापाला थोडं कमी, आणि ही वीज सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलत असते. त्या दिशा बदलण्याच्या टायमिंगमध्येच निरोप असतो. अर्धी लाट ५८ मायक्रोसेकंदांची असेल तर तो १, आणि १०० मायक्रोसेकंद किंवा त्याहून लांब असेल तर तो ०. असे बिट एकामागून एक जोडून एक पॅकेट होतं, त्यात कुठल्या नंबरच्या इंजिनाने काय करायचं ते असतं, आणि शेवटी एक तपासणीचा बाइट असतो, तो जुळला नाही तर डिकोडर ते पॅकेट सरळ फेकून देतो. ही पद्धत मुळात जर्मनीच्या लेन्झ कंपनीची, आणि अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने, म्हणजे एनएमआरएने, १९९० च्या दशकात तिच्यावरूनच स्टँडर्ड बनवलं, म्हणून आज एका कंपनीचा कंट्रोलर दुसऱ्या कंपनीच्या डिकोडरशी बिनदिक्कत बोलतो.

म्हणजे डिकोडरची कामं तीन. रुळातली वीज सरळ करून स्वतः चालू राहायचं, त्याच विजेतले निरोप वाचून आपल्या नंबरचा निरोप ओळखायचा, आणि त्याप्रमाणे मोटर, दिवे, आवाज चालवायचे. आता वीज त्याच्यापर्यंत येते कशी बघा, रुळाला वीज पुरवणाऱ्या बूस्टरमधून रुळात, रुळातून चाकात, चाकाला टेकलेल्या पितळी पत्तीत, तिथून वायरीत, वायरीतून प्लगमध्ये, आणि मग डिकोडर, आणि त्याच्या पुढे मोटर. या साखळीत डिकोडर बराच मागे उभा आहे पण आळ मात्र पहिला त्याच्यावर येतो.

म्हणून सुरुवात बंद पडलेल्या इंजिनापासून करूच नका. त्याच रुळावर, त्याच जागेवर, नक्की चालणारं दुसरं एखादं इंजिन ठेवा. तेही चाललं नाही तर प्रश्न रुळाचा किंवा कंट्रोलरचा आहे, कुठेतरी पाना, स्क्रूड्रायव्हर किंवा रुळावरून घसरलेल्या डब्याचं चाक दोन्ही रुळांना टेकून शॉर्ट करत असेल आणि बूस्टरने स्वतःला बंद करून घेतलं असेल. ते चाललं तर मग संशय आपल्या इंजिनावर. आता आजारी इंजिन दुसऱ्या जागी ठेवून बघा, तिथे हललं तर पहिल्या जागेच्या रुळाचा जोडही सैल असू शकतो.

यानंतरची तपासणी फुकटची आहे आणि तरी कोणी करत नाही, ती म्हणजे कंट्रोलरवर अ‍ॅड्रेस (इंजिनाचा नंबर) ३ घेऊन थ्रॉटल, म्हणजे वेगाची कळ, फिरवायचा. कारखान्यातून येणाऱ्या डीसीसी डिकोडरचा अ‍ॅड्रेस ३ असतो, आणि काही कारणाने तो रीसेट झाला तर परत ३ वरच जातो. तुम्ही ४५१२ म्हणून हाका मारताय आणि त्याला स्वतःचं नाव ३ वाटतंय, मग तो कसा ओ देणार.

तरीही हललं नाही तर दिव्याचं बटण दाबा, म्हणजे एफ० (एफ शून्य). हा एक दिवा खूप काही सांगतो. तुम्ही बटण दाबल्यावर दिवा लागला आणि परत दाबल्यावर विझला, तर लक्षात घ्या की रुळातून वीज येतेय, निरोप वाचला जातोय, नंबर बरोबर आहे आणि डिकोडरचा मेंदू जागा आहे. एवढं सगळं त्या एका दिव्यावरून कळलं! मग राहिलं काय, तर मोटरकडची बाजू, नाहीतर वेग थांबवून ठेवणारा मेमरीतला एखादा आकडा. उलट दिवाही नाही, आवाजही नाही, काहीच नाही, तर आधी वीज पोचते का तेच बघायचं.

वीज पोचत नाही याचं सगळ्यात मोठं कारण घाण. रुळावर आणि चाकांवर धूळ, तेल आणि ठिणग्यांमुळे तयार झालेला काळा थर जमतो. डीसीच्या काळातही तो जमायचाच पण तेव्हा इंजिन एखाद्या ठिकाणी जरा अडखळायचं आणि स्वतःच्या जोरावर पुढे जायचं, मोटरला त्याचं काही वाटायचं नाही. डिकोडर हा छोटा कॉम्प्युटर आहे, क्षणभर वीज गेली की तो बंद होतो आणि परत चालू व्हायला वेळ घेतो, म्हणून तीच घाण डीसीसीत जास्त त्रास देते. आवाजाच्या डिकोडरमध्ये तर हे कानानेच ओळखता येतं, इंजिन चालता चालता आवाज तुटून परत पहिल्यापासून इंजिन स्टार्ट होण्याचा आवाज येतो, तो प्रत्येक वेळी डिकोडर मरून जिवंत होण्याचा आवाज आहे. हे ऐकून लोक डिकोडर बदलतात आणि नवीन डिकोडर पण तेच करतो.

चाकं साफ करायची सोपी पद्धत म्हणजे रुळावर आडवा टिश्यू पेपर टाकायचा, त्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थोडे थेंब टाकायचे, इंजिनाची एक बोगी, म्हणजे खालचा चाकांचा एक संच, कोरड्या रुळावर आणि दुसरी ओल्या पेपरवर ठेवून वरून हलकं धरून थ्रॉटल द्यायचा, पेपरवरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि काळ्या रेघा उमटतात. मग इंजिन फिरवून दुसरी बोगी. चाकाच्या मागच्या बाजूला जिथे पितळी पत्ती घासते तिथेही बघा, तिथे केस आणि धाग्याचा गोळा असतो बऱ्याचदा, आणि पत्ती वाकून चाकापासून सुटलेली पण असू शकते. रबराची रिंग बसवलेली चाकं वीज घेत नाहीत हेही ध्यानात ठेवा, ती फक्त पकड वाढवायला असतात, त्यामुळे छोट्या इंजिनात वीज घेणारी चाकं मुळात कमीच असतात. अशा छोट्या इंजिनांना कीप-अलाइव्ह म्हणजे कपॅसिटरचा एक छोटा साठा जोडला की क्षणभर वीज गेली तरी डिकोडर तग धरतो. हे जोडणं मला फार आवडतं, चार चाकांच्या बारक्या शंटिंग इंजिनाला ते पहिल्यांदा जोडून बघा, घाणेरड्या पॉइंटवरून, म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यावरून, ते इतकं शांतपणे सरकत जातं की बघत राहावं.

आता येतो तो भाग जिथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत, म्हणजे प्रोग्रामिंग ट्रॅक. डिकोडरच्या मेमरीत बरेच कप्पे असतात, त्यांना सीव्ही म्हणतात, प्रत्येक कप्प्यात ० ते २५५ मधला एक आकडा. सीव्ही १ मध्ये छोटा अ‍ॅड्रेस, सीव्ही ३ मध्ये वेग किती हळू वाढवायचा, सीव्ही ४ मध्ये किती हळू थांबायचं, सीव्ही ८ मध्ये कंपनीचा नंबर, असं. हे कप्पे वाचायला आणि लिहायला रुळाचा एक वेगळा तुकडा वापरतात, त्यात करंट मुद्दाम कमी ठेवलेला असतो, म्हणजे वायरिंग चुकलं असलं तरी डिकोडर जळायची शक्यता कमी. नवीन डिकोडर बसवला की पहिल्यांदा इंजिन इथेच ठेवायचं, सरळ मुख्य रुळावर ठेवायचं नाही, ही सवय एकदा लागली की पुढचे कितीतरी डिकोडर वाचतात.

लोक म्हणतात "वाचताच येत नाहीये, एरर येतोय, डिकोडर मेला". थांबा जरा. या पद्धतीत डिकोडरला बोलता येत नाही, त्याला फक्त मान डोलवता येते. कमांड स्टेशन, म्हणजे रुळात निरोप सोडणारं यंत्र, विचारतं, या कप्प्यातला आठवा बिट १ आहे का? असेल तर डिकोडर सुमारे ६ मिलिसेकंद कमीत कमी ६० मिलिअँपिअर जास्त करंट ओढतो, आणि हा करंट ओढायला तो साधारणपणे मोटरलाच एक बारीक झटका देतो. स्टेशनला करंट वाढलेला दिसला की तो "हो". नाही दिसला की "नाही". मग पुढचा बिट, असं करत करत आठही बिट कळतात. वाचताना इंजिन जे बारीक बारीक थरथरतं आणि पुढे सरकतं ते यामुळेच, ते बघून घाबरू नका.

हे डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप उलगडतं. मोटर जोडलेली नसेल तर डिकोडर मान कशाने डोलवणार, म्हणून टेबलावर नुसता डिकोडर जोडून वाचायला गेलं की एरर येतो. मोटर फारच कमी करंट घेणारी असेल, कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) वगैरे, तर तो झटका स्टेशनला जाणवत नाही. चाकं घाण असतील तर झटका मधेच तुटतो. कीप-अलाइव्ह जोडलेला असेल तर तो कपॅसिटर स्वतः भरायला करंट ओढत राहतो आणि त्या गोंधळात डिकोडरचं "हो" बुडून जातं, तेव्हा शक्य असेल तर तो तात्पुरता काढून वाचा. काही आवाजाच्या डिकोडरना चालू व्हायलाच प्रोग्रामिंग ट्रॅकवरचा मोजका करंट पुरत नाही, त्यांना मधे जोडायचे वेगळे बूस्टर मिळतात. आणि एक गोष्ट, लिहिताना एरर आला तरी बऱ्याचदा आकडा आत लिहिला गेलेला असतो, फक्त त्याची पोच आलेली नसते, म्हणून एरर बघून हात टेकायच्या आधी इंजिन मुख्य रुळावर ठेवून नवीन नंबरवर चालतं का बघा. मुख्य रुळावरच प्रोग्रामिंग करायची सोयही असते, तिथे स्टेशन पोच मागतच नाही.

वाचायला पहिला कप्पा नेहमी सीव्ही ८ घ्या. तो आकडा कंपनीचा असतो, १५१ आला तर ईएसयू, १४५ झिमो, ९९ लेन्झ, १२९ डिजिट्रॅक्स, १५३ टीसीएस. यातला एखादा आकडा स्वच्छ वाचता आला तर समजा डिकोडर जिवंत आहे आणि त्याच्याशी बोलणं पण नीट चाललंय.

आता आकड्यांमुळे होणारे आजार, आणि मला विचाराल तर हा सगळ्यात मजेचा भाग आहे कारण इथे काही उघडावं लागत नाही. माझ्या एका इंजिनाने मला पूर्ण दोन संध्याकाळ छळलं होतं, दिवे लागायचे, हॉर्न वाजायचा, पण थ्रॉटल कितीही फिरवला तरी हलायचं नाव नाही. मोटर तपासली, ब्रश तपासले, सगळं ठीक. शेवटी सीव्ही १९ वाचला आणि त्यात ० ऐवजी भलताच आकडा निघाला. काही महिन्यांपूर्वी दोन इंजिनं एकत्र जोडून चालवली होती, त्याला कन्सिस्ट म्हणतात, आणि ती जोडी मोडायची राहून गेली होती. सीव्ही १९ मध्ये कन्सिस्टचा नंबर असला की इंजिन वेगाच्या बाबतीत फक्त त्या नंबरचं ऐकतं, स्वतःच्या नंबरचं ऐकत नाही, पण दिवे आणि हॉर्न मात्र बहुतेक वेळा स्वतःच्याच नंबरवर चालू राहतात. सीव्ही १९ मध्ये ० लिहिलं आणि इंजिन सुटलं. दिवे चालतात पण गाडी हलत नाही असं दिसलं की आता मी स्क्रूड्रायव्हरच्या आधी सीव्ही १९ बघायला लागलोय.

तसंच सीव्ही ३ चं. त्यातला आकडा ०.८९६ ने गुणला की शून्यापासून पूर्ण वेगापर्यंत जायला लागणारे सेकंद मिळतात, म्हणजे कोणी हौसेने १०० टाकला असेल तर जवळजवळ ९० सेकंद. आपण थ्रॉटल थोडासाच देतो, पाच सेकंद वाट बघतो, आणि बंद पडलंय म्हणून उचलतो.

सीव्ही २९ हा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात जास्त बिघडवला जाणारा कप्पा. यात आकडा एकच पण तो बऱ्याच छोट्या स्विचांची बेरीज असतो. दिशा उलटी करायची असेल तर १, २८ किंवा १२८ पायऱ्यांचा वेग हवा तर २, साध्या डीसी रुळावर पण चालावं म्हणून ४, रेलकॉमसाठी (डिकोडरने उलट माहिती पाठवायची सोय) ८, वेगाचा स्वतःचा तक्ता वापरायचा तर १६, आणि मोठा चार आकडी अ‍ॅड्रेस वापरायचा तर ३२. जे जे हवं त्याची बेरीज करायची. नेहमीचा आकडा ६ दिसतो, म्हणजे ४ अधिक २. मोठा अ‍ॅड्रेस घेतला की त्यात ३२ मिळवून ३८. आता समजा अ‍ॅड्रेस १२३४ द्यायचाय, तर तो सीव्ही १७ आणि १८ मध्ये वाटून जातो, १२३४ ला २५६ ने भागलं की भाग ४ आणि बाकी २१०, मग सीव्ही १७ मध्ये १९२ अधिक ४ म्हणजे १९६, आणि सीव्ही १८ मध्ये २१०. कंट्रोलर हे स्वतः करतो, पण हाताने लिहिताना लोक १७ आणि १८ बरोबर लिहितात आणि २९ मध्ये ३२ मिळवायचं विसरतात, मग इंजिन जुन्या छोट्या नंबरवरच अडून बसतं.

दिव्याचा एक विचित्र आजार आहे, वेग एकेक पायरी वाढवला की दिवा लागतो, विझतो, लागतो, विझतो. वायर सैल वाटते पण वायरीचा काही संबंध नाही. पूर्वी वेगाच्या १४ पायऱ्या असायच्या आणि त्या निरोपातला एक बिट दिव्यासाठी होता, पुढे २८ पायऱ्या आल्या तेव्हा तोच बिट वेगाची मधली पायरी दाखवायला वापरला. कंट्रोलर २८ पायऱ्यांत बोलतोय आणि डिकोडर १४ समजून ऐकतोय, तर वेगाची दर पायरी त्याला दिव्याचा हुकूम वाटते. सीव्ही २९ मध्ये २ मिळवा, दिवा शांत. उलटी गल्लत असेल, डिकोडर २८ वर आणि कंट्रोलर १४ वर, तर दिवा बटणाने लागतच नाही.

आणि एक धोक्याचा आजार. रूळ शॉर्ट होऊन परत चालू होतात, आणि एखादं इंजिन कोणी सांगितलं नसताना फुल स्पीडने सुटतं. वीज परत येताना क्षणभर निरोप नीट मिळत नाही, डिकोडरला नुसती वीज दिसते, त्याला वाटतं आपण डीसी रुळावर आलोय आणि तो पूर्ण वेग देतो. तुम्ही डीसीवर कधी चालवतच नसाल तर सीव्ही २९ मधून ४ काढून टाका, ६ चे २ करा, ३८ चे ३४ करा. टेबलाच्या कडेवरून जमिनीवर पडलेलं इंजिन ज्याने बघितलंय त्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

हे सगळं करून आकड्यांचा पार गोंधळ झाला असेल तर रीसेट करा, बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही ८ मध्ये ८ लिहिलं की कारखान्यातले आकडे परत येतात, पण टीसीएससारख्या काहींची पद्धत वेगळी आहे म्हणून सोबतचा कागद एकदा बघून घ्या. रीसेटनंतर नंबर ३ होतो हे विसरू नका. कॉम्प्युटर जोडायची सोय असेल तर जेएमआरआय नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातल्या डिकोडरप्रोमध्ये सगळे कप्पे नावासकट दिसतात आणि चालू अवस्थेतले आकडे आधीच सेव्ह करून ठेवता येतात. इंजिन चांगलं चालत असतानाच ते सेव्ह करा, बिघडल्यावर तुलना करायला हाताशी काहीतरी असतं.

एवढ्यानेही जमलं नाही तर मग इंजिन उघडायचं. वायरींचे रंग ठरलेले आहेत, लाल म्हणजे उजवा रूळ, काळी डावा रूळ, नारिंगी आणि राखाडी मोटरच्या, पांढरी पुढचा दिवा, पिवळी मागचा दिवा, निळी सगळ्या दिव्यांचा समाईक प्लस, हिरवी आणि जांभळी जास्तीच्या कामांना. निळी प्लस आहे, पांढरी पिवळी मायनसकडून स्विच होतात, म्हणून एलईडी उलटा लावला की लागत नाही, आणि एलईडीला रेझिस्टर हवाच, १ किलोओहम लावला तर १४ व्होल्टवर साधारण ११ मिलिअँपिअर जातात आणि तेवढे भरपूर झाले. रेझिस्टर न लावता जोडलात तर एलईडी जातोच, कधी डिकोडरचं ते आउटपुट पण घेऊन जातो.

आठ पिनांचा प्लग असेल तर एक नेहमीची चूक म्हणजे तो उलटा बसतो. पण ज्याने हा प्लग आखला त्याने विचार केलेला आहे, उलटा बसवला की लाल काळी आपापसात बदलतात, नारिंगी राखाडी आपापसात, पांढरी पिवळी आपापसात, आणि निळीच्या जागी हिरवी येते. म्हणजे इंजिन चालतं पण उलट्या दिशेने, आणि दिवे लागत नाहीत. ही दोन लक्षणं एकत्र दिसली की काही न तपासता प्लग फिरवा. २१ पिनांच्या प्लगला एक पिन मुद्दाम ठेवलेली नसते, ती जागा जुळवून बसवायचा. दिवे बरोबर आहेत पण गाडी उलटी पळते असं असेल तर नारिंगी राखाडीची अदलाबदल करा, आणि दिवे आणि गाडी दोन्ही उलटे असतील तर सीव्ही २९ मध्ये १ मिळवा.

आता जे सांगतोय ते कृपया मनावर घ्या. संशय आला की लोक चांगल्या इंजिनातला चालू डिकोडर काढून आजारी इंजिनात लावून बघतात. कल्पना बरोबर आहे पण क्रम चुकतो, कारण पहिला डिकोडर जर इंजिनाच्याच दोषाने मेला असेल तर दुसराही त्याच क्षणी मरणार. उलट दिशेने करा, संशयित डिकोडर चांगल्या इंजिनात लावा, किंवा डिकोडर टेस्टर असेल तर त्यावर. आणि आजारी इंजिनाची आधी मल्टीमीटरने तपासणी करा. डिकोडर काढलेला, इंजिन रुळाबाहेर, मल्टीमीटर बीपवर. उजव्या चाकापासून लाल वायरीच्या जागेपर्यंत बीप यायला हवा, डाव्यापासून काळीपर्यंत यायला हवा. मग मोटरच्या दोन टोकांपैकी एकेक घेऊन प्रत्येक बाजूच्या चाकाला आणि धातूच्या फ्रेमला लावून बघा, इथे बीप येता कामा नये. जरासाही नाही. जुन्या डीसी इंजिनांत मोटरचा एक ब्रश सरळ फ्रेमला टेकवलेला असायचा आणि फ्रेमच एका रुळाची वायर म्हणून वापरलेली असायची, ते तेव्हा चालायचं, पण डिकोडरच्या मोटर आउटपुटला रुळाची वीज थेट भिडली की तो खेळ तिथेच संपतो. वास येतो, कधी धूर येतो. बॉडी बसवल्यावरच शॉर्ट होणारी इंजिनं पण असतात, बॉडीचा स्क्रू किंवा वजनाचा तुकडा एखाद्या वायरीवर दाबला जातो, म्हणून बॉडी बसवून पुन्हा एकदा प्रोग्रामिंग ट्रॅकवर वाचून घ्या. इन्सुलेशनला उष्णता सहन करणारी कॅप्टॉन टेप वापरा, काळी चिकटपट्टी उष्णतेने विरघळून चिकट होते.

शक्य असेल तिथे डिकोडरच्या जागी डमी प्लग (रुळाची वीज सरळ मोटरला जोडणारा) लावून इंजिन साध्या डीसीवर चालवून बघा. तिथेही धडपडत असेल तर दोष गिअरमध्ये, सुकलेल्या ग्रीसमध्ये किंवा मोटरमध्ये आहे, डिकोडर त्यात काही करू शकत नाही. डीसीवर छान आणि डीसीसीवर झटके असं असेल तर मोटरच्या टोकांवर सोल्डर केलेला छोटा कपॅसिटर बघा. तो रेडिओ टीव्हीत खरखर येऊ नये म्हणून लावलेला असतो. डिकोडर मोटरची वीज क्षणभर तोडून, फिरती मोटर उलट किती व्होल्ट तयार करते ते मोजतो आणि त्यावरून वेग ओळखतो, याला बॅक ईएमएफ म्हणतात, आणि हा कपॅसिटर ते माप बिघडवतो. काढला की बरीच इंजिनं गुळगुळीत चालायला लागतात.

इंजिन दहा मिनिटं छान चालतं, मग थांबतं, थोड्या वेळाने परत चालतं, हे तापण्याचं लक्षण. डिकोडर स्वतःला वाचवायला बंद होतोय. जुनी मोटर जास्त करंट खात असेल. १२ व्होल्ट डीसीवर अ‍ॅमीटर लावून चाक एक दोन सेकंद धरून मोटर पूर्ण थांबवा आणि करंट बघा, तो डिकोडरच्या मर्यादेच्या आत हवा, एचओच्या डिकोडरची मर्यादा साधारण १ अँपिअरच्या आसपास असते. एखाद्या खूप जुन्या इंजिनाची मोटर याच्या वर जाते, तिला मोठा डिकोडर द्या किंवा मोटर बदला.

हे सगळं झाल्यावर, चांगल्या इंजिनातही तो वाचता येत नाही, ३ वरही हलत नाही, भिंगाखाली एखादी चिप करपलेली किंवा फुगलेली दिसते, तेव्हा म्हणायचं की डिकोडर गेला. पण अर्धा गेलेला डिकोडर टाकून देऊ नका. नेहमीचं म्हणजे फक्त पुढच्या दिव्याचं, पांढऱ्या वायरीचं आउटपुट जळतं आणि बाकी सगळं चालू असतं. एनएमआरएच्या साध्या पद्धतीने फंक्शन वाटणाऱ्या, म्हणजे कुठल्या बटणाने कुठली वायर चालू करायची ते ठरवणाऱ्या, डिकोडरमध्ये सीव्ही ३३ हा पुढे जाताना एफ० ने काय लावायचं ते ठरवतो, त्यात १ म्हणजे पांढरी, २ म्हणजे पिवळी, ४ म्हणजे हिरवी. हिरवी रिकामी असेल तर दिव्याची वायर पांढरीवरून काढून हिरवीला जोडा, तेवढीच एक सोल्डरिंग, आणि सीव्ही ३३ मध्ये १ च्या जागी ४ लिहा. दिवा परत एफ० वरच लागतो, पुढे जाताना लागतो, मागे येताना विझतो, अगदी पहिल्यासारखा.